नोंदीच्या फॉर्ममध्ये एंटर दाबून पुढच्या रकान्यात कसे जावे

बेळगाव, निपाणी आणि खानापूर भागातील पतसंस्था व अडत दुकाने यांच्यासाठी मी गेली अनेक वर्षे विंडोजवरचे नोंदीचे प्रोग्रॅम लिहीत आलो आहे. या कामात नव्या प्रोग्रॅमरना हमखास मिळणारा एक सल्ला मला मुळीच पटत नाही: एंटरचा नाद सोडा आणि ऑपरेटरला टॅब वापरायची सवय लावा. संध्याकाळी पिग्मीच्या (रोजच्या छोट्या बचतीच्या) पावत्यांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या ऑपरेटरकडे पाहिले की यातली चूक दिसते. डाव्या हाताचे बोट पावतीवर असते आणि उजवा हात नंबर पॅडवरून हलत नाही. त्या पॅडवर टॅब नसतो, एंटर असतो. शिवाय टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये एंटरनेच पुढे जाता येते आणि डॉसवरच्या जुन्या फॉक्सप्रोतही तसेच होते. त्यामुळे बदलायचा तो प्रोग्रॅम, माणसाचा हात नव्हे.

पुढचे सर्व विंडोज फॉर्म्स (डॉट नेटमधील खिडक्या बनवण्याची सोय) आणि सी शार्प यांना धरून लिहिले आहे. व्हीबी डॉट नेटमध्येही नावे तीच राहतात.

व्हिज्युअल स्टुडिओच्या व्ह्यू मेन्यूतील टॅब ऑर्डर उघडावी आणि पावतीवर जे ज्या क्रमाने छापले आहे त्याच क्रमाने रकान्यांवर क्लिक करावे. पॅनेलमधील रकान्यांचा क्रम पॅनेलपुरता वेगळा मोजला जातो, म्हणून पॅनेललाही योग्य क्रमांक द्यावा. खातेदाराचे नाव, शिल्लक असे जे रकाने आपोआप भरतात, त्यांचा टॅबस्टॉप फॉल्स करावा.

आता एंटर. प्रत्येक रकान्याच्या कीप्रेस घटनेत तोच कोड चिकटवू नये. चाळीस रकान्यांच्या फॉर्ममध्ये एक तरी रकाना राहून जातोच. सेंडकीजने, म्हणजे कोडमधूनच कळ दाबल्यासारखे करून, टॅब पाठवण्याचा सल्ला तर अजिबात ऐकू नये. ती कळ आपल्या रकान्याकडे जाईलच असे नाही, त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिच्याकडे ती जाते. आणि व्हीबी ६ मधील असे जुने प्रोग्रॅम विंडोज व्हिस्टावर 'परमिशन डिनाइड' ही ७० क्रमांकाची चूक दाखवून थांबू लागले होते. एंटर कीअप घटनेतही पकडू नये. सूचनेची चौकट एंटर दाबताक्षणी बंद होते आणि बोट उचलल्याची घटना मागच्या फॉर्मवर येऊन पडते, त्यामुळे कर्सर आपणहून एक रकाना पुढे सरकतो.

योग्य जागा एकच आहे. एक मूळ फॉर्म तयार करून त्यात प्रोसेससीएमडीकी ही पद्धत, जिच्याकडे दाबलेली कळ रकान्याआधी येते, ओव्हरराइड करावी आणि बाकीचे सर्व फॉर्म त्यापासून बनवावेत. कळ एंटर असेल तर पुढच्या रकान्यात नेणारे सिलेक्टनेक्स्टकंट्रोल बोलवावे आणि ट्रू परत करावे, म्हणजे टेक्स्टबॉक्समध्ये एंटर दाबल्यावर वाजणारी 'टिंग'ही बंद होते. मात्र सध्या फोकस बटणावर असेल, अनेक ओळींच्या टेक्स्टबॉक्समध्ये असेल, कॉम्बोबॉक्सची यादी उघडी असेल किंवा ग्रिडमध्ये असेल, तर काहीही न करता मूळ पद्धतीकडे जावे. फॉर्मचे ॲक्सेप्टबटन रिकामे ठेवावे.

इथपर्यंतचे काम एका दुपारी होते. खरी अडचण तपासणीची आहे, आणि तिथे मी स्वतः चुकलो आहे. एका पतसंस्थेच्या प्रोग्रॅममध्ये मी खाते क्रमांकाची तपासणी लीव्ह, म्हणजे रकाना सोडतानाच्या, घटनेत केली होती आणि क्रमांक सापडला नाही तर सूचनेची चौकट दाखवत होतो. ऑपरेटरचा हात इतका वेगवान होता की क्रमांकानंतरचा एंटर चुकून दोनदा पडला की चौकट न वाचताच बंद होई. कर्सर रकमेवर पोहोचे, आणि माझ्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या पावतीचे खाते तसेच राहिलेले असल्यामुळे रक्कम त्या खात्यात जमा होई. एकूण रोख बरोबर जुळत होती, म्हणून त्या रात्री कोणालाच शंका आली नाही. आठवड्याने एक भाजीवाल्या मावशी पिग्मीचे कार्ड घेऊन काउंटरवर आल्या आणि आपले पैसे कुठे गेले असे विचारू लागल्या, तेव्हा मी पावत्या एकेक करून तपासल्या. दिवसाचे पैसे साठवणाऱ्या बाईला माझ्या कोडमुळे तसे उभे राहावे लागले, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून तपासणी व्हॅलिडेटिंग घटनेतच करावी. तिच्या पहिल्याच ओळीत आधीचे खाते पुसून टाकावे. क्रमांक चुकला असेल तर ई डॉट कॅन्सल ट्रू करावे, म्हणजे कर्सर त्याच रकान्यात थांबतो, रकान्यातील मजकूर निवडलेला ठेवावा आणि एररप्रोव्हायडरची लाल खूण दाखवावी. एंटरने बंद होईल अशी कोणतीही चौकट नोंदीच्या ओघात येऊ देऊ नये. एंटर (इथे कळ नव्हे, रकान्यात शिरल्याची घटना), लीव्ह, लॉस्टफोकस किंवा व्हॅलिडेटिंग यांपैकी कोणत्याही घटनेत कर्सर हलवणारी फोकस ही पद्धत बोलवू नये. दोन रकाने एकमेकांकडे कर्सर ढकलत राहिले की प्रोग्रॅम अडकून पडतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या माहितीपुस्तिकेतही हा इशारा स्पष्ट दिलेला आहे.

याची दुसरी बाजू अशी की चुकीचा क्रमांक असताना ऑपरेटर फॉर्ममधून बाहेरच पडू शकत नाही. 'रद्द' बटणाचे कॉजेसव्हॅलिडेशन फॉल्स करावे. बटण पॅनेलमध्ये असेल तर पॅनेलचेही करावे. कोपऱ्यातील फुलीने फॉर्म बंद व्हावा यासाठी फॉर्मक्लोजिंगमध्ये ई डॉट कॅन्सल पुन्हा फॉल्स करावे लागते.

डेटाग्रिडव्ह्यूमध्ये एंटर खालच्या ओळीत नेतो. उजवीकडे जायचे असेल तर प्रोसेसडायलॉगकी आणि प्रोसेसडेटाग्रिडव्ह्यूकी या दोन्ही पद्धती बदलाव्यात, कारण पहिली लिहिताना चालते आणि दुसरी नुसते फिरताना.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लागते. नाव मराठीत, पत्ता कन्नडमध्ये आणि रक्कम इंग्रजी अंकांत असा फॉर्म असेल, तर रकान्यात शिरताना, म्हणजे त्याच्या एंटर घटनेत, इनपुटलँग्वेज बदलावी आणि रकमेवर पोहोचताच इंग्रजी परत आणावी. त्या संगणकावर मराठी किंवा कन्नड कीबोर्ड बसवलेला नसेल तर फ्रॉमकल्चर नल परत करते. ती तपासणी न केल्यास कोणतीही चूक न दाखवता संगणकाची मूळ (डिफॉल्ट) भाषाच लागू होते.

शेवटी माउसची वायर काढून ठेवावी, खऱ्या पावत्यांचा गठ्ठा घ्यावा आणि ऑपरेटरशेजारी बसून पन्नास नोंदी होताना पाहाव्यात. त्यांपैकी पाच पावत्यांवर मुद्दाम चुकीचे खाते क्रमांक लिहून ठेवावेत, आणि कोणत्या पाच ते ऑपरेटरला सांगू नये.