होम्सला पैठणला आणायचं तर आधी गोदावरीचं पाणी बघा

शेरलॉक होम्स आणि जुन्या चित्रपटांतला राक्षस एका कथेत आणायचा, तर पहिलं काम राक्षसाचे नियम कागदावर उतरवण्याचं. होम्स कारणाशिवाय काही मानत नाही. राक्षसाला नियमच नसले तर त्याला तर्क करायला काही उरत नाही आणि कथा नुसती भुताची होते.

एकच राक्षस घ्या. ड्रॅक्युला सगळ्यांत सोयीचा, कारण 1897 च्या कादंबरीत त्याची बंधनं पक्की आहेत. कुणी बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा घरात शिरू शकत नाही. मायदेशाच्या मातीशिवाय त्याला विसावा नाही. वाहतं पाणी स्वतःच्या बळावर ओलांडायचं तर भरती-ओहोटीची वेळ साधावी लागते. उन्हात विरून जाणं मात्र 1922 च्या मूकपटानं आणलं. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. पोशाख 1931 च्या बोलपटातल्या बेला लुगोसीचा ठेवा, नियम कादंबरीचे. दोन्हीकडचे नियम मिसळले की तिसऱ्या प्रकरणात कथा स्वतःलाच खोटं पाडते.

आता काळ. मूळ कथांत होम्स 4 मे 1891 ला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यावर नाहीसा होतो आणि 1894 च्या वसंतात लंडनला परततो. मधली दोन वर्षं तिबेट, मग इराण, असं तो स्वतः सांगतो. तिबेटहून इराणकडे जाताना त्याला पैठणला थांबवा, साल 1893. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि पैठणसमोरचा गोदावरीचा दक्षिण तीर इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. म्हणजे एका नदीनं दोन कामं होतात: ड्रॅक्युला अडतो आणि पोलिसांची हद्दही संपते. जायकवाडी धरण 1976 चं, तेव्हा त्याचा जलाशय, नाथसागर, कथेत येऊ देऊ नका.

दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळं आहेत म्हणून कथा तिकडे न्यावीशी वाटते. पण किल्ल्याच्या खंदकाचं पाणी साचलेलं, ते ड्रॅक्युलाला अडवत नाही. गोदावरी अडवते, आणि तीही पाणी बघून. उन्हाळ्यात धार तुटून डोह उरले की तो वाळूतून चालत पलीकडे जाईल. जुलैत पूर आला की अडकला. इथे भरती-ओहोटी नाही, त्यामुळे त्याला एकच वाट उरते: मायदेशाच्या मातीच्या पेटीत पडायचं आणि दुसऱ्यांकडून नावेनं उचलून न्यायचं. कथेचा गाभा हाच.

पुरावाही यातूनच निघतो. होम्सच्या पहिल्याच कादंबरीत, 1887 साली, त्याचा मित्र आणि निवेदक वॉटसन नोंदवतो की होम्स निरनिराळ्या माती नजरेनं ओळखतो. नदीकाठच्या उतारावर बैलगाडीच्या चाकोरीत त्याला मूठभर परकी माती सापडू द्या. आपली काळी माती ओली झाली की चपलेला धरते, तळहातावर वळली तर दोऱ्यासारखी वळी होते, वाळली की भेगाळते. परकी माती रेताड दाखवा, म्हणजे तिची वळी होतच नाही, तुटते. होम्सनं वाकून दोन्ही मातींत पाण्याचे चार थेंब टाकून बोटांनी वळून बघावं आणि शेजारच्या पाटलानं म्हणावं, "साहेब, ही आमच्या शिवारातली माती न्हाई." एवढ्या प्रसंगाला पूर्ण पान द्या. पुरावा दिसला पाहिजे, सांगून भागत नाही.

हमखास चुका तीन. या काळात वॉटसन होम्सला मेलेला समजतो, म्हणून तो निवेदक होऊ शकत नाही. इंग्रजी आणि उर्दू जाणणारा कचेरीतला कारकून घ्या, भाषेचा प्रश्नही सुटतो. औरंगाबादला तेव्हा रेल्वे नव्हती. प्रवासी नांदगावला उतरून टांग्यानं येत. आणि निजामाकडे जिल्ह्याचा अधिकारी कलेक्टर नव्हे, अव्वल तालुकदार.

बाकीचे राक्षस थोडक्यात. 1941 च्या चित्रपटातल्या लांडगामाणसाला मारायला चांदी लागते. चांदी 962 अंशांना वितळते, चुलीवर गोळी ओतता येत नाही, सोनाराची मूस आणि भाता लागतोच. मग गावात ही गोष्ट लपत नाही, आणि तोच सुगावा. ममी हैदराबादच्या संग्रहालयात खरोखर आहे, पण ती विसाव्या शतकातली आवक, 1893 ला जुळत नाही. फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाला वीज हवी, ती वळवाच्या पावसात मिळेल. पण त्याला ड्रॅक्युलासारखे नियम नाहीत, म्हणून नवख्यानं तो पहिल्या कथेत घेऊ नये.

शेवटी आमंत्रण. ड्रॅक्युला गढीत शिरला म्हणजे कुणीतरी त्याला बोलावलंच होतं. ते वाक्य पहिल्या प्रकरणात, चहापाण्याच्या गडबडीत, कुणाचं लक्ष जाणार नाही असं ठेवा: "या पावणं, बाहेर का उभे, आत या." शेवटच्या प्रकरणात होम्सनं फक्त एवढंच विचारायचं, की हे म्हणालं कोण.