पक्षाघातानंतर घरची शुश्रूषा : लुळी बाजू पाहून काय ओळखावे

मेंदूचा डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा गोलार्ध डावी. त्यामुळे कोणता हात-पाय लुळा पडला आहे हे पाहूनच पुढच्या अडचणींचा बराचसा अंदाज बांधता येतो. डावा मेंदू हिशेबी आणि उजवा कलावंत, ही लोकप्रिय वाटणी मात्र येथे काहीही कामाची नाही.

उजवी बाजू लुळी असल्यास वाचेकडे लक्ष द्यावे. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकांनी १८६१ साली ज्याच्या मेंदूची तपासणी केली, त्या रुग्णाला ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे, आणि त्याच्या डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागाला इजा झालेली आढळली. उजखुऱ्या माणसांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये भाषेचे मुख्य काम डावीकडेच चालते. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नव्हे, म्हणून अशा रुग्णाशी ओरडून किंवा लहान मुलासारखे बोलू नये. ‘चहा हवा की दूध?’ असे न विचारता कप दाखवून ‘चहा हवा का?’ एवढेच विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. पाठ असलेली आरती किंवा एक ते दहा अंक तो सहज म्हणू शकेल, पण तेवढ्यावरून बोलणे परत आले असे समजू नये.

डावी बाजू लुळी असते तेव्हा घरचे अधिक फसतात, कारण रुग्ण नीट बोलत असतो. काही रुग्णांचे डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही : ताटातली भाजी-आमटी संपते, पण डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते, आणि चालताना डावा खांदा चौकटीवर आपटतो. दृष्टी ठीक असतानाही असे घडू शकते. ताट फिरवून दिल्याने पोट भरते, पण सवय लागत नाही. त्याऐवजी ताटाच्या किंवा वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावून ती शोधल्यावरच सुरुवात करायला सांगावे. पाण्याचा पेला आणि हाक मारायची घंटा मात्र उजव्या हाताशीच ठेवावी. ‘माझ्या हाताला काही झालेले नाही’ असे म्हणत तो उठू लागला, तर तो हट्ट नसून आजाराचेच लक्षण असू शकते. अशा रुग्णाला एकट्याने उठू देऊ नये.

डावखुऱ्यांमध्ये भाषेचे केंद्र उजवीकडे किंवा दोन्हीकडे असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून त्यांच्या बाबतीत वाचा-उपचारतज्ज्ञांकडून तपासणी झाल्याशिवाय लुळ्या बाजूवरून वाचेविषयी निष्कर्ष काढू नये.