घरी सायकलचं चाक बांधण्याआधी: तयारीची यादी

बहुतेक चाकं खरेदीतच बिघडतात. म्हणून स्पोक (चाकाच्या तारा) आणायला निघण्याआधी हब (चाकाचा मधला भाग) आणि रिंग (टायर बसतो ते बाहेरचं वर्तुळ) टेबलावर घ्या आणि दोन्हींची भोकं मोजा. 32 ला 32, 36 ला 36 हवं. जुन्या काळ्या रोडस्टरचा पुढचा हब 32 भोकांचा आणि मागचा 40 चा असतो, त्यामुळे घरात पडलेला हब वापरणार असाल तर हे आधी तपासा. मग वर्निअरने फ्लँजवरच्या (हबच्या दोन्ही टोकांना स्पोक अडकवायच्या भोकांची चकती असते, तिच्यावरच्या) समोरासमोरच्या दोन भोकांमधलं अंतर घ्या, मध्यापासून मध्यापर्यंत. दोन लॉकनटांच्या (हबच्या दांड्यावरच्या सगळ्यात बाहेरच्या पक्क्या नटांच्या) बाहेरच्या कडांमधलं अंतर निम्मं केलं की हबचा मध्य मिळतो. तिथून प्रत्येक फ्लँज किती लांब आहे ते दोन्ही बाजूंचं वेगवेगळं लिहा. गिअरच्या मागच्या हबला ही दोन मापं कधीच सारखी नसतात.

रिंगवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. 622 च्या (टायर बसतो त्या कडेचा मिमीतला व्यास) दोन रिंगांची खोली वेगळी असली की स्पोकही वेगळे लागतात. दोन जुने स्पोक समोरासमोरच्या भोकांत निपलसह (स्पोक रिंगला धरणाऱ्या छोट्या नटासह) घाला, स्पोकचं टोक निपलच्या चिरेच्या तळाशी येईपर्यंत फिरवा, ओढून धरा आणि दोन्ही स्पोकची लांबी अधिक मधली फट अशी बेरीज करा; हेच रिंगचं माप. काटकोनात आणखी एकदा मोजा. दोन मापांत 2 मिमीहून जास्त फरक आला तर रिंग गोल नाही, ती परत करा.

हे आकडे कोणत्याही स्पोक कॅल्क्युलेटरमध्ये (स्पोकची लांबी काढून देणाऱ्या साधनात) टाकता येतात. उदाहरणार्थ 32 भोकं, तीन क्रॉस (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकांना ओलांडतो), रिंगचं माप 602, फ्लँजचं 45, मध्यापासून डावी फ्लँज 35 आणि गिअरकडची 20 असेल तर स्पोकची लांबी डावीकडे 294 आणि उजवीकडे 292.5 मिमी येते. अर्ध्यावर अडलं की खालचा आकडा घ्या, म्हणजे इथे 292. स्पोक दोन-तीन मिमी लांब झाला तर आट्या संपतात, निपल अडकतं आणि स्पोक सैलच राहतो; टोक वर आलं तर ट्यूबही फुटते. फार आखूड झाला तर सगळा ताण निपलच्या मानेवर येतो आणि डोकं तुटून रिंगमध्ये राहतं. प्रत्येक लांबीचे दोन स्पोक जास्तीचे घ्या.

ठाणे-नवी मुंबईत खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे स्पोक स्टेनलेसचेच, 14 गेज म्हणजे 2 मिमी. गॅल्व्हनाइज्ड स्वस्त पडतात, पण इथे लवकर गंजतात. निपल पितळी, 12 मिमी. ॲल्युमिनियमची निपलं खाऱ्या हवेत स्पोकला धरून बसतात आणि पुढे चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायला गेलात की फुटतात. स्पोक चावी निपल हातात घेऊन, घालून बघूनच निवडा. बारा खाचांची गोल चावी ताण वाढला की निपलचे कोपरे गोल करते.

आता चाक अडकवून, फिरवून सरळ करायचा स्टँड. 18 मिमी वॉटरप्रूफ प्लायचा 45 बाय 30 सेंमीचा पाया आणि दोन उभे खांब घ्या. एक्सलची (हबच्या दांड्याची) खाच पायापासून 38 सेंमीवर ठेवा, म्हणजे 700 ची (622 चीच) रिंग मोकळी फिरते. खाच 10 मिमी रुंद केली की मागचा 10 चा आणि पुढचा 9 चा, दोन्ही एक्सल बसतात. एक खांब सरकता ठेवा, कारण पुढे 100 आणि मागे बहुधा 135 मिमी अंतर लागतं. खाचेवर 3 मिमी लोखंडी पट्टी स्क्रूने बसवा, नाहीतर लॉकनट प्लायमध्ये रुततो आणि चाक डुलतं. पट्टीत खाच पाडून घ्यायला वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जा. गेज (रिंग कुठे वाकली ते दाखवणारी खूण) म्हणून दोन एल-पट्ट्यांत एम6 चे लांब बोल्ट लावा. त्यांचा एक फेरा बरोबर 1 मिमी, म्हणजे पाव फेऱ्याने पाव मिमी कळतो, आणि घरच्या कामाला तेवढं पुरतं. टोक कानशीने गोल करा, मागे पांढरा कागद लावा आणि बाजूने दिवा. फट डोळ्याला स्वच्छ दिसते. डायल गेजच (काट्यावर माप दाखवणारा) हवा असेल तर मुंबईत मशीद स्टेशनला उतरून नागदेवीचा हार्डवेअर बाजार गाठा.

स्टँडचा मध्य चुकलेला असला तरी चालतं. एका बाजूने गेज रिंगजवळ आणून फट बघा, चाक उलटं करून पुन्हा बसवा. आधीची फट आणि आताची फट सारखी असेल तर रिंग मधोमध आहे. फरक असेल तर त्याच्या निम्म्याने सरकवायची.

डबल बॉइल्ड जवसाचं तेल रंगाच्या दुकानात मिळतं. त्यात स्पोकच्या आट्या बुडवा. घट्ट करताना निपल सहज फिरतं, आणि तेल सुकलं की आपोआप सैल होत नाही. रिंगच्या भोकात, निपल टेकतं तिथे, ग्रीसचा एक ठिपका लावा.

स्पोक भरताना व्हॉल्व्हचं भोक दोन समांतर स्पोकांच्या मधे येईल असं बघा, नाहीतर पंपाचं तोंड शिरत नाही. सुरुवातीला सगळी निपलं आट्या दिसेनाशा होईपर्यंतच फिरवा. 2 मिमीच्या स्पोकवर निपलचा एक फेरा साधारण 0.45 मिमी, म्हणून पुढे एका वेळी अर्ध्या फेऱ्याहून जास्त नको आणि शेवटी पाव पुरे. आधी उंचसखलपणा काढा, मग डावं-उजवं, मग मध्य, आणि पुन्हा पहिल्यापासून. स्पोक पिळतोय का ते कळायला दोन-तीन स्पोकांवर टेपचं निशाण लावा. निशाण जेवढं फिरलं तेवढी चावी उलटी सोडा.

ताणमापक नसेल तर बोटाने स्पोक छेडा. एका बाजूचे सगळे एका सुरात हवेत. फोनवरचं ट्यूनर ॲप इथे उपयोगी पडतं. सरळ पण असमान ताणाचं चाक घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत आठवड्यात पुन्हा आउट होईल. गिअरकडच्या बाजूला 100 ते 120 किलोचा ताण चालतो, पण रिंग बनवणाऱ्याची मर्यादा कमी असेल तर तीच पाळा. मधेमधे दोन्ही हातांनी समांतर स्पोकांच्या जोड्या जोरात दाबा आणि पुन्हा तपासा. रिम ब्रेक (रिंगच्या कडांना घासणारा) असेल तर बाजूचा फरक 0.3 मिमीच्या आत आणा.

पहिल्या 50 किमीनंतर चाक परत स्टँडवर चढवा. उरलेले स्पोक लांबी आणि बाजू लिहून, टेपने बांधून चावीसोबतच ठेवा.