वकिलाच्या वेबसाइटवर पक्षकाराला त्याचा कागद पटकन सापडेल असं कसं करायचं

पक्षकार वेबसाइटवर येतो तेव्हा त्याला काही वाचत बसायचं नसतं, त्याला कागद पाहिजे असतो आणि तोही आत्ताच, काहून की तो त्या वेळेस कुठंतरी ताटकळत उभा असतो. पीक कर्जाच्या रांगेत नंबर लागला आणि बँकेतले साहेब म्हणाले या शेताची केस चालू आहे ना, ऑर्डर दाखवा. किंवा तहसीलमध्ये फेरफारासाठी गेला आणि तिथं हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या डिक्रीची प्रत मागितली. मोबाइलला रेंजची एक दांडी, मागं रांग, आणि वकील साहेब कोर्टात त्यामुळं त्यांचा फोन बंद. अशा माणसाला कागद मिळाला तरच त्या वेबसाइटचा उपयोग. मी वऱ्हाडातल्या तालुक्यांच्या वकिलांसाठी हेच काम करतो, तर जे चालतं ते इथं लिहून ठेवतो.

पहिले वेबसाइटची बाहेरची बाजू उरकून टाका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, २००८ मध्ये त्यात सुधारणा होऊन वेबसाइटला परवानगी मिळाली पण ती मोजक्या माहितीपुरतीच आहे: नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक आणि तारीख, कोणत्या राज्याची बार कौन्सिल, शिक्षण, कोणत्या प्रकारची कामं करता. बस. जिंकलेल्या केसेस, पक्षकारांचे कौतुकाचे शब्द, मोठमोठे फोटो हे काहीच टाकू नका. याचा एक फायदाच होतो, पहिलं पान रिकामं राहतं आणि त्यावर "माझे कागद" असं एकच मोठं बटन ठळक दिसतं. ते "क्लायंट पोर्टल" नाही, "डॉक्युमेंट सेंटर" नाही. "माझे कागद."

आता आतलं. बहुतेक जण इथं फोल्डरच्या आत फोल्डर करतात, आधी वर्ष, मग कोर्ट, मग केसचा प्रकार, मग केस नंबर. ऑफिसातल्या कपाटासाठी ते बरोबर आहे पण पक्षकाराला आपली केस आर.सी.एस. (नियमित दिवाणी दावा) आहे का एम.जे.सी. (किरकोळ न्यायिक अर्ज) हे माहीतच नसतं, त्याला "वावराची केस" माहीत असते. आणि एका पक्षकाराचे कागद असतात तरी किती, बहुतेकांचे पंधरा-वीस-चाळीस. एवढ्यासाठी फोल्डर लागत नाही. लॉगिन झालं की सरळ एक यादी दाखवा, नवीन कागद सगळ्यात वर, आणि यादीच्या डोक्यावर चार बटनं: कोर्टाच्या ऑर्डर, आपण दिलेले कागद, समोरच्याचे कागद, शेताचे कागद. एकाच माणसाच्या दोन केसेस असल्या, म्हणजे भावासोबत वाटणीची एक आणि प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची एक, तरच केस निवडायला लावा, आणि तिथंही नाव "वाटणीची केस", "मोबदल्याची केस" असंच द्या, नंबर खाली बारीक अक्षरात.

सगळ्यात जास्त वेळ कागदाच्या नावावर घालवा, बाकी सगळं याच्यापुढं किरकोळ आहे. स्कॅनरमधून जे "स्कॅन ००१२" येतं ते तसंच चढवलं तर कोणतीही वेबसाइट कामाची नाही. एक नोंद अशी दिसली पाहिजे, वरच्या ओळीत मोठ्या अक्षरात "कोर्टाची ऑर्डर: स्टे मिळाला", आणि त्याखाली "निशाणी ५ वरचा आदेश, १२ मार्च २०२४, गट ५६/१, ३ पानं, साधी प्रत". वरची ओळ पक्षकारासाठी, खालची बँकेच्या नाहीतर तहसीलच्या साहेबांसाठी. निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज हे कोर्टात शिपायालाही ठाऊक आहे, पण शेतकऱ्याच्या तोंडात "स्टे" आहे, "निशाणी" नाही. तसंच "पुढची तारीख" असं न लिहिता "पुढची पेशी" लिहा, लेखी जबाब असेल तर "समोरच्याचं उत्तर". कायद्याचा नेमका शब्द काढून नका टाकू, तो खालच्या ओळीत राहू द्या, कारण ज्याला कागद दाखवायचा आहे त्याला तोच लागतो.

"साधी प्रत" का "नक्कल" (कोर्टाच्या शिक्क्याची प्रत), यातला एक शब्द प्रत्येक नोंदीवर असलाच पाहिजे. पक्षकार मोबाइलवरून प्रिंट काढून घेऊन जातो आणि तिथं कळतं की कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल पाहिजे होती, मग त्याचा अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं गेलं ना. नोंदीवरच लिहिलेलं असलं की तो आधी विचारतो. सातबाऱ्याचंही तसंच, त्यावर काढल्याची तारीख दिसली पाहिजे, काहून की दोन वर्षांपूर्वीचा सातबारा कोणी घेत नाही. जुना ठेवा, केसमध्ये लागतो, पण त्याच्या बाजूला महाभूमीच्या, म्हणजे सरकारच्या जमिनीच्या कागदांच्या साइटवरच्या डिजिटल सातबाऱ्याची लिंक द्या, तिथं पंधरा रुपयात डिजिटल सहीचा ताजा उतारा निघतो.

ज्या फाइली चढवता त्या तोडून चढवा. दावा आणि त्याच्यासोबतचे सगळे कागद मिळून साठ पानांची एकच पीडीएफ केली तर त्यातला आठ-अ शोधायला त्याला साठ पानं सरकवावी लागतात आणि त्याच्याआधी ती उतरायलाच जीव जातो. दावा वेगळा, सातबारा वेगळा, फेरफार वेगळा, मोजणीचा नकाशा वेगळा. स्कॅन करताना रंगीत नको, ग्रे, दीडशे ते दोनशे डीपीआय पुरतं, फक्त नकाशा रंगीत ठेवा कारण त्यात रेषांचा रंग कामाचा असतो. आणि यादीत प्रत्येक कागदासमोर पानं किती आणि साइज किती ते लिहा, रेंज कमी असलेला माणूस ते पाहून ठरवतो की आता उतरवायचं का गावात जाऊन.

एक बारीक गोष्ट. स्क्रीनवर दिसणारं नाव मराठीत ठेवा पण फाइलचं स्वतःचं नाव इंग्रजी अक्षरात. मराठी नावाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची हातभर माळ होते आणि लोकांना वाटतं हा काहीतरी फ्रॉड आहे. गट ५६/१ मधली तिरपी रेघ विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही, तिथं आडवी रेघ टाका. तारीख वर्षापासून सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप ओळीने लागतात. उतरवलेली फाइल मोबाइलच्या डाउनलोडमध्ये पडते आणि पुढच्या वेळेस तो तिथंच शोधतो, म्हणून नावात आडनाव आणि कागदाचा प्रकार असू द्या.

आता सर्चची पेटी, जिथं मराठी वेबसाइटची खरी अडचण होते. पहिलं कारण फॉन्ट. तालुक्याच्या ठिकाणी अजूनही बरंच टायपिंग कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत होतं, स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत कॉम्प्युटरसाठी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, म्हणून "वाटणी" टाइप केलं तरी त्या फाइलीत "वाटणी" सापडतच नाही. टायपिस्टला युनिकोडवर, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणाऱ्या टायपिंगवर आणा, आणि जुनं असेल ते कन्व्हर्टरमधून काढून घ्या. स्कॅन केलेल्या छापील कागदाला ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) लावता येतं, गुगल ड्राइव्हमध्येही मराठी ओळखतं आणि फुकटचं टेसरॅक्ट आहेच. पण जातपडताळणीसाठी लोक जी कोतवाल पंजीची (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) पानं आणतात, हाताने लिहिलेली, फाटकी, शाई उडालेली, त्यावर ओसीआरचा काही भरवसा धरू नका, माणसाने बसून नाव, गाव, वर्ष टाइप केलं पाहिजे. एका पानाला दोन मिनिटं लागतात आणि कधी कधी त्याच पानावर घरातल्या पोरीची अ‍ॅडमिशन अडलेली असते.

दुसरं कारण स्पेलिंग. वानखडे का वानखेडे, हे एकाच घरातल्या दोन भावांच्या आधारवर वेगळं निघतं. म्हणून प्रत्येक कागदाला लपलेला एक रकाना ठेवा, शोधशब्दांचा, त्यात आडनावाची सगळी रूपं, इंग्रजीतली दोन-तीन स्पेलिंगं, गावाचं कागदावरचं नाव आणि बोलण्यातलं नाव, आणि गट, सर्वे, खसरा हे तिन्ही शब्द नंबरासोबत टाका, कारण कोणी काय म्हणेल याचा नेम नाही. बाकीचं डेव्हलपरकडून करून घ्या: मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे सर्चसाठी एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं, आणि "कऱ्हाडे" सारख्या नावातला ऱ्ह दोन वेगळ्या पद्धतीने टाइप होतो, दिसायला सारखा पण कॉम्प्युटरला वेगळा, तोही एकच धरायचा. लिहिताना डोकेदुखी वाटते पण जाणत्या डेव्हलपरला हे काही फार मोठं काम नाही, त्याच्या मागं लागा. सर्चच्या पेटीत बोटाने सहज दाबता येईल असं मोठं माइकचं चिन्हही ठेवा, वयस्कर माणसं टाइप करत नाहीत, बोलतात.

आणि काहीच सापडलं नाही तर "नो रिझल्ट फाउंड" लिहून त्याला तसंच सोडू नका. त्याच पानावर त्याची पूर्ण यादी दाखवा आणि खाली ऑफिसच्या कारकुनाला फोन लावायचं बटन द्या. लोकांनी काय शोधलं आणि मिळालं नाही याची नोंद ठेवा, दर महिन्याला ती वाचली की पुढचे शोधशब्द आपोआप कळतात.

सापडणं सोपं म्हणजे कोणालाही सापडणं नव्हे, आणि इथं मी अजिबात सूट देत नाही. वर्डप्रेसमध्ये पानाला पासवर्ड लावला म्हणजे त्यातली पीडीएफ कुलूपबंद झाली असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही. पान बंद असतं पण फाइल अपलोडच्या फोल्डरात उघडी पडलेली असते, लिंक ज्याच्या हाती लागली तो सरळ उघडतो. रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (गुगलसारख्या सर्चला कुठं पाहू नको ते सांगणाऱ्या फाइलीत) नाव टाकून लपवणं हेही कुलूप नव्हे, उलट ती फाइल कोणालाही वाचता येते आणि कोणता फोल्डर लपवलाय ते तिथंच छापलेलं असतं. कागद अशा जागी ठेवायला सांगा की लॉगिन तपासल्याशिवाय सर्व्हर फाइल देणारच नाही. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं वकिलाने बाहेर जाऊ द्यायचं नाही हे भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे आणि २०२३ चाच वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी, वाटणीच्या भांडणात समोरच्या भावाच्या हाती आपला कागद पडला तर काय होईल ते गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

लॉगिन मोबाइल नंबर आणि ओटीपीवर ठेवा, पासवर्ड कोणाच्या लक्षात राहत नाही. ओटीपीच्या मेसेजसाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या मेसेज नोंदणीच्या पोर्टलवर नोंदणी आणि मेसेजचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो, ते वेबसाइट सुरू व्हायच्या आधीच करा, नाहीतर ऐनवेळी अडतं. नंबर कोणाचा टाकायचा हे वकीलपत्रावर सही घेतानाच विचारा. "नातवाचा टाका बाप्पा, मले काई समजत नाई" असं आजोबा म्हणतात आणि तो नातू नेमका दुसऱ्या मुलाचा निघाला की गडबड, म्हणून नातं विचारा, कागदावर लिहून घ्या, सही घ्या. दर पेशीला कारकुनाने एकदा विचारायचं, नंबर तोच आहे ना. सिम बदलणं इकडं नेहमीचंच.

व्हॉट्सअ‍ॅप बंद करायच्या भानगडीत पडू नका, कोणी ऐकणार नाही. फक्त कागदाच्या ऐवजी लिंक पाठवा, दाबली की ओटीपी टाकून थेट तोच कागद उघडला पाहिजे, पहिल्या पानावर नेऊन सोडायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ मोबाइल फुल झाला की लग्नाच्या व्हिडिओंसोबत उडते, लिंक मात्र शोधून पुन्हा उघडता येते. केसच्या पानावर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा ओळख नंबर) मोठा दाखवा आणि शेजारी कॉपीचं बटन, तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पेशी आणि ऑर्डर पक्षकाराला थेट दिसतात. तारखा आपल्या हाताने भरत बसू नका, एक चुकली तर माणूस चाळीस किलोमीटर उगाच येतो.

तयार झाल्यावर तपासायचं कसं? ऑफिसातल्या ज्युनिअरकडून नको, त्याला सगळं माहीत असतं. पेशीला आलेल्या पक्षकाराच्याच हातात त्याचाच मोबाइल राहू द्या आणि म्हणा, काका, स्टेची ऑर्डर काढून दाखवा. मग गप्प बसा. बोट कुठं थांबतं, काय शब्द टाइप करतो, मागं जायचं बटन कधी दाबतो, ते पाहा. मध्येच सांगायचा मोह होतो, नका सांगू. एका मावशींनी पूर्ण यादी वरून खाली सरकवली आणि विचारलं, "यातला न्यायाधीशाचा कोणता हाये?" कोर्टाच्या ऑर्डरवर शिक्क्यासारखं लाल चिन्ह लावायचं तिथूनच ठरलं, आणि आता न वाचता येणाराही ऑर्डर ओळखतो.

केस निकाली निघाली की बरेच जण लॉगिन बंद करतात. तसं करू नका. निकाल आणि हुकूमनामा यादीच्या सगळ्यात वर चिकटवून ठेवा, त्याखाली अपिलाची मुदत लिहा, दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात ३० दिवस, आणि बाकीचे कागद खाली तसेच राहू द्या. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला १२ वर्षांची मुदत असते, तेवढी वर्षं तरी लॉगिन चालू ठेवा आणि बंद करायच्या आधी फोन करून सगळे कागद पेनड्राइव्हमध्ये देऊन टाका. फेरफार करायला लोक निकालानंतर पाच-सहा वर्षांनी जातात, वडील गेल्यावर, आणि तेव्हा विचारणारा मुलगा असतो, त्याला केस नंबरही माहीत नसतो, फक्त वडिलांचं नाव आणि गट नंबर माहीत असतो. वारसाचा कागद पाहून त्याचा नंबर जोडून द्या, आणि सर्चमध्ये तेवढ्या दोन गोष्टींवर हुकूमनामा निघतो का ते आजच टाकून पाहा.