लंडनमध्ये ‘द नॅशनल’ लाइव्ह ऐकायचंय? आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा

धीम्या, उदास सुरांच्या बँडच्या शोला निघालात की जो तो एकच सल्ला देतो: दुपारपासून रांग लावा आणि स्टेजसमोरचं पहिलं बॅरिकेड पकडा. धांगडधिंगा करणाऱ्या बँडसाठी ते ठीक आहे. द नॅशनल या अमेरिकन रॉक बँडसाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो ऐकून इतक्या लांबून आलेली माणसं अर्धंमुर्धं गाणं ऐकून परत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिकिटाचं आधी उरकून घेऊ. शो हाउसफुल असला तरी घाबरू नका. ट्विकेट्ससारख्या साइटवर लोक आपली तिकिटं मूळ किमतीत विकतात आणि शोच्या दिवशी दुपारपर्यंत ती येत राहतात. चौपट भाव सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. भारतीय कार्डाने पैसे भरणार असाल तर ओटीपी येणारं सिम रोमिंगवर चालू ठेवा. नाहीतर ओटीपी येईपर्यंत तिकीट दुसऱ्याने घेतलेलं असतं.

पाठीवरची सॅक हॉटेलवर ठेवा. बऱ्याच ठिकाणी ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. इअरप्लग मात्र खिशात हवेतच.

आता मुख्य गोष्ट, जागा. मला स्वतःला हे उमगायला बरेच शो जावे लागले, म्हणून सविस्तर सांगतो. बँडचा गायक मॅट बर्निंजर याचा आवाज खर्जातला आहे. बेस गिटार आणि ड्रमचा ठोका साधारण त्याच पट्टीत वाजतात, त्यामुळे ध्वनी जरा बिघडला की सगळ्यात आधी बुडतात ते त्याचे शब्द. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. बॅरिकेडला चिकटलात तर तो आवाज बराचसा डोक्यावरून जातो. कानावर आदळतात ते थेट ड्रम आणि जवळचा गिटार अँप. एरन आणि ब्राइस डेसनर या जुळ्या भावांच्या दोन गिटारी एकमेकींत गुंफलेल्या असतात. तुम्ही ज्याच्या बाजूला, त्याचीच गिटार ऐकू येते आणि वीण हरवते.

म्हणून आत शिरल्यावर स्टेजकडे नव्हे, साउंड कन्सोलकडे बघा. सभागृहाच्या मध्याच्या आसपास रेलिंग लावलेली, दिवे लुकलुकणारी ती चौकट. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरून अख्खा शो जुळवत असतो. त्याच्या पुढे पाच-सहा पावलांवर उभे राहा. बाल्कनीच्या छताखाली अजिबात नको, तिथे खर्ज घुमतो आणि शब्द गढूळ होतात. बारजवळही नको, कारण हळू गाणं सुरू झालं की तिथल्या गप्पाच जास्त ऐकू येतात.

उंची कमी असेल तर हॉल कोणता आहे ते आधीच बघा. ब्रिक्स्टन अकॅडमी १९२९ साली सिनेमागृह म्हणून उघडली, त्यामुळे तिची जमीन स्टेजकडे उतरती आहे आणि मागूनही छान दिसतं. अलेक्झांड्रा पॅलेसचा मोठा हॉल सपाट आणि लांबच लांब आहे. द नॅशनलने सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे शो केले होते. तिथे कन्सोलच्याही मागे गेलात तर पुढच्यांची डोकीच बघावी लागतील.

जवळून बघायची हौस असेल तर ती मागे उभं राहूनही भागते. बर्निंजर लांबलचक वायरचा माइक घेऊन स्वतःच गर्दीत उतरतो. वायर तुमच्यापर्यंत आली तर दोन्ही हात वर करून ती डोक्यावरून पुढे सरकवा. ओढू नका, त्यावर मोबाइल धरून उभे राहू नका. मागे बँडची माणसं वायर सोडत असतात, आणि ती कुठे अडकली तर गाता गाता माणूस जागीच खिळतो.

मुख्य बँड किती वाजता येणार ते शोच्या दिवशी हॉलच्या सोशल मीडियावर कळतं. साधारण पावणेनऊ-नऊ धरा. त्याआधी वाजवणारा सपोर्टचा बँड चुकवू नका. जागा धरायची वेळ तीच.

शेवटच्या गाण्याआधी ट्रेनसाठी पळू नका. ते बऱ्याचदा बँड नुसत्या अकूस्टिक गिटारींवर वाजवतो आणि गातं सगळं सभागृह. अकरापर्यंत शो संपतो, ट्यूब, म्हणजे लंडनची मेट्रो, त्यानंतरही असते. ब्रिक्स्टन हे व्हिक्टोरिया लाइनचं शेवटचं स्टेशन, गाडी तिथूनच सुटते, बसायलाही मिळतं. शुक्रवारी-शनिवारी तर ही लाइन रात्रभर चालते. अलेक्झांड्रा पॅलेस टेकडीवर आहे. तिथे बसच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा गर्दीबरोबर उतारावरून वूड ग्रीन स्टेशनपर्यंत चालत गेलेलं बरं.