उद्योजकता शिकवायला घेताय? आधी उधारी शिकवा

एमबीएला उद्योजकता आणि लघुउद्योग व्यवस्थापन नव्याने शिकवायला घेतलंय त्यांच्यासाठी लिहितेय. नेट, पीएचडी, तासिका तत्त्वावरची ओढाताण हे सगळं तुम्हाला माहितीये, त्यात शिरत नाही.

मला हा विषय मिळाला कारण डिपार्टमेंटमधे कुणालाच नको होता. एका सीनियर मॅडमनी प्रेमाने स्वतःच्या स्लाइड्स दिल्या आणि मी दोन वर्षं त्यावरच शिकवलं. बिझनेस मॉडेल कॅनव्हास, पिच डेक, फंडिंगचे राउंड, मुलं खूश, फीडबॅकही छान. आयत्या स्लाइड्स घेऊ नका, कुणीही दिल्या तरी. साधी सूक्ष्म उद्योगाची व्याख्या बघा, 1 एप्रिल 2025 पासून गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटीपर्यंत झालीये, जुन्या नोट्समधे अजून 1 आणि 5 कोटीच असतं.

पण खरा खड्डा वेगळाच होता. एका मुलाच्या प्लॅनला मी वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले होते. पास झाल्यावर त्याने भोसरीला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकलं आणि आठ महिन्यांनी फोन आला, "मॅडम, ऑर्डरी आहेत, नफा पण दिसतोय, पण पगाराला पैसे नाहीत." मला काही सांगता आलं नाही. रात्री त्याचा प्लॅन काढून बसले तर ज्या महिन्यात विक्री त्याच महिन्यात पैसे जमा धरलेले, आणि त्यावर माझीच टिकमार्क. आजही ते पान आठवलं की पोटात कालवतं.

हे सावकाश सांगते कारण मी इथेच अडकले. समजा महिन्याला विक्री 4 लाख, खर्च 3 लाख 40 हजार, नफा 60 हजार. कागदावर मस्त. पण पार्टी, म्हणजे माल घेणारी कंपनी, पैसे देते 90 दिवसांनी, आणि पत्रेवाला रोख मागतो, कारागिरांचा पगार थांबत नाही, भाडं थांबत नाही. तिसरा महिना संपेपर्यंत खिशातून 10 लाख 20 हजार गेले आणि आला एक रुपयाही नाही, शिवाय बिल फाडलं की जीएसटी भरायचाच, पार्टीने पैसे दिलेले असोत नसोत. आता ऑर्डर दुप्पट झाली तर? वर्गात टाळ्या पडतात. प्रत्यक्षात अडकणारे पैसे पण दुप्पट, 20 लाख 40 हजार. चांगला चाललेला धंदा असाच बसतो. मुलांकडून हाताने करून घ्या, महिनावार तीन रकाने, बिल किती, वसुली किती, हातात किती. एकदा नाही, दोनदा.

त्या मुलाने कर्ज घेतलं होतं ते फक्त मशीनसाठी. खेळत्या भांडवलाचं, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशांचं, मी कधी शिकवलंच नव्हतं. लघुउद्योगांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या पद्धतीने बँक अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या 20 टक्के देते, 5 टक्के आपण घालायचे. महिन्याला 4 लाख म्हणजे वर्षाला 48 लाख, त्यावर ते 9 लाख 60 हजार अधिक 2 लाख 40 हजार, म्हणजे 12 लाख, बरोबर तीन महिन्यांची विक्री. हे त्याला आधी माहीत असतं तर...

कुणीतरी हुशार पोरगी 45 दिवसांचा कायदा काढेल, म्हणजे लहान उद्योगाचे पैसे पार्टीने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. बरोबरच आहे, 2006 चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायदा, लेखी करार नसेल तर 15च दिवस, आणि पैसे मुदतीत दिले नाहीत तर पार्टीला आयकरात त्या खर्चाची वजावट लगेच मिळत नाही, 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 43बी(एच) ते हेच. शिकवाच. पण ज्याची सगळी ऑर्डर एकाच कंपनीची आहे तो तक्रार करत नाही, हे पण वर्गात सांगा.

मेंटर म्हणून फिरणाऱ्यांपासून जरा लांब रहा असं माझं स्पष्ट मत आहे, ज्याने कधी उधारी वसूल केली नाही तो मुलांना नुसता जोश देऊन जातो. माझं जास्त शिक्षण एका हार्डवेअरवाल्या काकांच्या गल्ल्याशेजारी झालं, उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज तासभर त्यांची वही बघत बसायचे.

आणि स्वतः धंदा केला नाही म्हणून घाबरू नका, मीही केलेला नाही. वही वाचता आली, प्रश्न विचारता आले की जमतं, पहिल्या सेमिस्टरला धडधडतं तेवढंच. मुलांना घेऊन भोसरीला जाणार असाल तर गुरुवार टाळा, बऱ्याच वर्कशॉपना तेव्हा सुट्टी असते. आणि मालकाला पहिला प्रश्न आयडिया कशी सुचली हा नको, येणं किती बाकी आहे हा विचारा.