चौकशी आयोगाचा अहवाल वाचण्याआधी

युद्धकाळातील वर्तनाचे नियम घालणारे जिनिव्हा करार आणि त्यांचे अतिरिक्त प्रोटोकॉल तुम्ही वाचले आहेत असे मी गृहीत धरते. आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांच्या चौकशीच्या क्षेत्रात नवखा माणूस अडखळतो तो कलमांवर नव्हे, पुराव्याच्या कसोटीवर, म्हणजे किती पुरावा पुरेसा मानायचा यावर. माझी सुरुवातीची टिपणे त्यापायीच लाल शाईने भरून परत येत असत.

सुदानमधील दारफूर प्रांताचेच पाहा. सुरक्षा परिषदेच्या २००४ च्या ठराव क्रमांक १५६४ नुसार इटालियन कायदेतज्ज्ञ अंतोनियो कासेसे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी आयोगाने जानेवारी २००५ मध्ये अहवाल दिला. सुदान सरकारचे वंशसंहाराचे धोरण नव्हते, हा त्यातील निष्कर्ष उचलून ‘सरकार निर्दोष ठरले’ असे लिहिणारे आजही भेटतात. प्रत्यक्षात तेथे घडलेले अन्य गुन्हे वंशसंहाराइतकेच गंभीर असू शकतात, आणि काही व्यक्तींचा वंशसंहाराचा हेतू होता की नाही हे न्यायालयानेच ठरवावे, असे अहवालात स्पष्ट म्हटले आहे. ५१ संशयितांची नावे मोहोरबंद राहिली, कारण आयोगाची कसोटी वाजवी संशयाची होती, दोषसिद्धीची नव्हे.

पुढचा भाग नीट समजून घ्या. मार्च २००९ मध्ये सुदानचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध निघालेल्या अटक वॉरंटातून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने वंशसंहाराचा आरोप वगळला, कारण पुराव्यातून वंशसंहाराचा हेतू हा एकच वाजवी निष्कर्ष निघायला हवा, असे पूर्वसुनावणी पीठाने धरले होते. फेब्रुवारी २०१० मध्ये अपील पीठाने ही कसोटी चुकीची ठरवली: अटकेसाठी गुन्हा घडल्याचे मानण्यास वाजवी कारण पुरेसे असते, आरोपनिश्चितीला त्याहून भक्कम आधार लागतो, आणि वाजवी शंकेपलीकडची सिद्धता फक्त शिक्षेसाठी लागते. जुलैत वंशसंहाराच्या आरोपासह दुसरे वॉरंट निघाले. म्हणून कोणताही अहवाल हाती आला की आधी कार्यपद्धतीचे प्रकरण उघडा आणि त्यातील कसोटी टिपणाच्या माथ्यावर लिहा. सारांशापासून वाचायला सुरुवात करणाऱ्याचे टिपण मी तरी पुढे वाचत नाही.

उन्हाळी अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांवर माझा फारसा विश्वास नाही. सत्र न्यायालयात जबाब आणि पंचनामे वाचलेल्या वकिलाला ऐकीव माहिती व प्रत्यक्ष साक्ष यांतला फरक अंगवळणी पडलेला असतो; जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करत असाल तर न्यूनगंड बाळगू नका. मार्गदर्शक निवडताना ओळखी करून देणाऱ्यापेक्षा तळटिपा तपासणारा निवडा. जिनिव्हातील संयुक्त राष्ट्र सचिवालयाची इंटर्नशिप मात्र बिनपगारी असते आणि शहर अतिशय महाग आहे, तेव्हा केवळ तिच्यासाठी कर्ज काढू नका.